चाओ फ्रयाचे पूरमैदान आणि जागतिक पुरवठ्याची साखळी : २०११ च्या महापुराचा आर्थिक-ऐतिहासिक विचार

१

इ. स. १७६६ मध्ये ब्रह्मी सैन्याने सयामची राजधानी अयुथ्या हिला वेढा घातला, तेव्हा नगराच्या रक्षणकर्त्यांचा भरवसा तटबंदीइतकाच पाण्यावर होता. अयोध्येचे नाव धारण करणारे हे नगर चाओ फ्रया, पा सक आणि लोपबुरी या तीन नद्यांच्या संगमावर, चहूंकडून पाण्याने वेढलेल्या बेटावर वसले होते. पावसाळा संपत येताना दर वर्षी उत्तरेकडील पाणी खाली उतरे, भोवतालची भातशेते जलमय होत आणि वेढा देऊन बसलेल्या शत्रूला माघार घ्यावी लागे. पूर हा अशा रीतीने राजधानीचा पहारेकरीच होता. त्या वर्षी मात्र ब्रह्मी सेनापतींनी माघार घेतली नाही. उंचवट्यांवर छावण्या नेऊन व नौका जमवून त्यांनी पूर काढला, आणि एप्रिल १७६७ मध्ये नगर पडले.

त्यानंतर सुमारे अडीच शतकांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये, त्याच मैदानावर तसेच पाणी उतरले. या खेपेस त्याच्या मार्गात भातशेते होती तशीच मोटारींचे, छायाचित्रयंत्रांचे आणि संगणकाच्या सुट्या भागांचे शेकडो कारखानेही होते. काही आठवड्यांत त्याचे परिणाम जपान, अमेरिकेचे संयुक्त संस्थान, कॅनडा व युरोप येथील कारखान्यांत आणि बाजारपेठांत दिसू लागले. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार या पुराने झालेली हानी व तोटा मिळून सुमारे १,४२५ अब्ज बाट, म्हणजे सुमारे ४६.५ अब्ज अमेरिकी डॉलर, इतका होता.

या घटनेचा विचार सामान्यतः नैसर्गिक आपत्ती म्हणून केला जातो. पाऊस किती पडला, धरणांतून पाणी केव्हा सोडले, बंधारे कोठे फुटले, यांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती आवश्यकही आहे. परंतु आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. ज्या पुरावर या प्रदेशाचा जागतिक व्यापार शतकभर उभा राहिला, तोच पूर जागतिक व्यापारावरील संकट कसा ठरला? या प्रश्नाचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, जागतिक व्यापाराला बसणारा पुराचा फटका पाण्याच्या खोलीवरून अथवा बुडालेल्या क्षेत्रावरून ठरत नाही. बुडालेली वस्तू दुसरीकडे किती ठिकाणी तयार होते आणि तिचा साठा किती दिवस पुरेल, या दोन गोष्टींवर तो ठरतो.

२

पिंग, वांग, योम आणि नान या चार नद्या थायलंडच्या उत्तर भागातून खाली येतात आणि नाखोन सावन (नगर-स्वर्ग) येथे एकत्र होऊन चाओ फ्रया हे नाव घेतात. या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे तीन-दशांश आहे. नाखोन सावनच्या खाली भूमीचा उतार अत्यंत अल्प असून अयुथ्याची भूमी समुद्रसपाटीपेक्षा अवघी काही मीटर उंच आहे. त्यामुळे येथील पूर डोंगरी नद्यांच्या लोंढ्यासारखा येत नाही. तो मंदगतीने पसरतो आणि आठवडेच्या आठवडे साचून राहतो.

या मैदानातील शेतकऱ्याने पुराला अडविण्याचा प्रयत्न फारसा केला नाही. त्याने पुरासह वाढणारे पीक निवडले. खोल पाण्यातील भाताच्या कित्येक जातींचे ताट पाण्याबरोबर उंच होत जाते. काही जाती अनुकूल स्थितीत दिवसाला २० सेंटीमीटरांहून अधिक वाढतात आणि त्यांची एकूण लांबी कित्येक मीटर भरते. घरे खांबांवर अथवा तराफ्यांवर उभारली जात, आणि वाहतूक होड्यांनी चाले. पुराने आणलेला गाळ हेच या शेतीचे खत होते. येथे पूर ओसरण्याची वाट पाहिली जाई, तशी तो येण्याचीही वाट पाहिली जाई.

इ. स. १८५५ मध्ये सर जॉन बाउरिंग याने ब्रिटनच्या वतीने सयामशी केलेल्या तहाने आयातीवरील जकात तीन टक्क्यांवर आणली, राजसत्तेच्या व्यापारी मक्तेदाऱ्या मोडल्या आणि तांदळाच्या निर्यातीला वाट मोकळी करून दिली. त्याचा परिणाम विलक्षण होता. १८५० च्या दशकाच्या अखेरीस वार्षिक सरासरी सुमारे १० लाख पिकुल असलेली तांदळाची निर्यात १९३० च्या दशकाच्या आरंभी सुमारे अडीच कोटी पिकुलांवर गेली. एक पिकुल म्हणजे सुमारे ६० किलोग्रॅम, हे लक्षात घेता पाऊणशे वर्षांत ही निर्यात सुमारे ६०,००० टनांवरून १५ लाख टनांवर पोहोचली, असे म्हणता येईल. हा तांदूळ सिंगापूर व हाँगकाँगमार्गे मलाया, चीन व डच ईस्ट इंडिज येथील मजूरवर्गाचे अन्न बनला. १८९० पासून बँकॉकच्या ईशान्येस रंगसित येथे खाजगी कंपनीने कालवे खणले आणि दलदलीचे विस्तीर्ण क्षेत्र लागवडीखाली आले. हे कालवे मुख्यतः पाणी पसरविण्यासाठी व वाहतुकीसाठी होते, पाणी रोखण्यासाठी नव्हते.

सारांश, जागतिक बाजारपेठेत सयामचा पहिला मोठा प्रवेश पुराच्या आधारे झाला. ज्या वर्षी पूर कमी येई, त्या वर्षी निर्यात घटण्याची भीती असे.

३

पाण्यावर नियंत्रण ठेवण्याची कल्पना या मैदानात बाहेरून आणि उशिरा आली. सयाम सरकारच्या सेवेतील डच अभियंता होमान व्हान डेर हाइडे याने १९०३ मध्ये चायनात येथे नदीवर बंधारा घालून संपूर्ण त्रिभुज प्रदेशाला नियमित पाणी देण्याची योजना मांडली. खर्चाच्या कारणास्तव ती दीर्घकाळ मागे पडली. १९५० मध्ये जागतिक बँकेकडून कर्ज मिळाल्यानंतर ती हाती घेण्यात आली आणि १९५७ मध्ये चायनातचा बंधारा पुरा झाला. त्यापुढे पिंग नदीवर भूमिबल धरण (१९६४) आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी नान नदीवर सिरिकित धरण उभे राहिले. भूमिबल धरणाची साठवणक्षमता सुमारे १३.५ अब्ज घनमीटर, तर सिरिकितची सुमारे ९.५ अब्ज घनमीटर आहे. योम नदी मात्र मोठ्या धरणावाचून राहिली.

या धरणांचा पहिला परिणाम शेतीवर झाला. उन्हाळ्यातही पाणी मिळू लागल्याने दुसरे पीक घेणे शक्य झाले, आणि १९६९ पासून प्रसृत झालेल्या आखूड ताटाच्या अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती हळूहळू पसरल्या. या जाती पाण्याबरोबर उंच होत नाहीत, पाणी डोक्यावरून गेले म्हणजे त्या कुजतात. म्हणजे कारखाने मोठ्या संख्येने येण्यापूर्वीच या मैदानातील उत्पादन पुराशी जुळवून घेणाऱ्या रूपातून पूर येणार नाही असे गृहीत धरणाऱ्या रूपात बदलू लागले होते.

दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. धरणांनी मध्यम प्रतीचे पूर बरेचसे आटोक्यात आणले आणि पूरपट्ट्यातील भूमी सुरक्षित वाटू लागली. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथील प्लाझा करारानंतर येनचे मूल्य झपाट्याने वाढले. जपानी उद्योगांना मायदेशातील उत्पादन महाग पडू लागले आणि आग्नेय आशियाकडे, विशेषतः थायलंडकडे, त्यांच्या भांडवलाचा ओघ सुरू झाला. याच सुमारास थायलंडच्या सरकारने बँकॉकमधील गर्दी कमी करण्यासाठी राजधानीपासून दूर जाणाऱ्या कारखान्यांना करांत अधिक सवलती देण्याचे धोरण स्वीकारले. अयुथ्या प्रांत बँकॉकपासून सुमारे ७० ते ८० किलोमीटरांवर होता, विमानतळ व बंदर यांच्या रस्त्यावर होता, भूमी सपाट व स्वस्त होती, आणि तेथे सवलतीही मिळत होत्या. व्यवहारबुद्धीने पाहता कारखान्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. ती सपाट व स्वस्त का होती, याचे उत्तर तिच्यावरील भातशेतांत होते, परंतु ते कोणी विचारले नाही.

अशा रीतीने पथुम थानी प्रांतात नव नाखोन (नवनगर) आणि बांगकादी, तर अयुथ्या प्रांतात रोजना, हाय-टेक, बांग पा-इन, फॅक्टरी लँड व सहरत्न नाखोन या औद्योगिक वसाहती भरभराटीस आल्या. १९८३ पासून सीगेट या अमेरिकी कंपनीने थायलंडमध्ये हार्ड डिस्कचे उत्पादन सुरू केले होते. पुढे वेस्टर्न डिजिटलने नव नाखोन व बांग पा-इन येथील कारखाने विकत घेतले. त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग बनविणारे जपानी कारखाने आले. २०११ पर्यंत जगातील हार्ड डिस्कच्या उत्पादनाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग थायलंडमध्ये तयार होत होता.

४

२०११ च्या पावसाळ्यात मे ते ऑक्टोबर या काळात या खोऱ्यात सरासरीच्या सुमारे १४० टक्के पाऊस झाला. जून ते ऑक्टोबर या अवधीत एकापाठोपाठ पाच उष्णकटिबंधीय वादळांचा प्रभाव या प्रदेशावर पडला. आदल्या वर्षीच्या दुष्काळामुळे धरणांत पाणी राखून ठेवण्याकडे कल होता, आणि ऑक्टोबरमध्ये दोन्ही मोठी धरणे भरल्यावर त्यांतून मोठ्या प्रमाणात पाणी सोडावे लागले. सप्टेंबरच्या मध्यास सिंगबुरी प्रांतातील बांग चोम सी येथील पाणदरवाजा फुटला आणि पाणी लोपबुरी व अयुथ्याच्या दिशेने शेतांतून पसरू लागले. नाखोन सावन येथे नदीचा कमाल विसर्ग सेकंदाला ४,६०० घनमीटरांच्या वर गेला. खालच्या भागातील पात्राची क्षमता त्याहून पुष्कळच कमी होती.

४ ऑक्टोबर रोजी सहरत्न नाखोन ही पहिली वसाहत बुडाली. त्यानंतर रोजना, हाय-टेक, बांग पा-इन, फॅक्टरी लँड आणि नव नाखोन या वसाहतींभोवतीचे मातीचे बांध क्रमाने फुटले, आणि २० ऑक्टोबरच्या सुमारास बांगकादीची पाळी आली. सुमारे अडीच आठवड्यांत सात वसाहतींतील ८०४ कारखाने पाण्याखाली गेले. त्यांपैकी सुमारे ४५० जपानी होते. पाणी अचानक आले असे कोणी म्हणू शकत नव्हते. त्याच्या आगमनाची वार्ता दिवसानुदिवस पुढे येत होती. परंतु जड यंत्रसामग्री जागची हलविणे शक्य नव्हते, आणि बांध टिकतील ही आशा शेवटपर्यंत होती.

संपूर्ण देशात आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांना पुराची झळ लागली. वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत थायलंडचे राष्ट्रीय उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेने सुमारे ९ टक्क्यांनी घटले.

५

हार्ड डिस्क ही वस्तू आकाराने तळहाताएवढी असली, तरी तिच्यासाठी लागणारे भाग अनेक देशांतून येतात. वेस्टर्न डिजिटलच्या एकूण उत्पादनाचा सुमारे ६० टक्के भाग थायलंडमध्ये होत असे. बांग पा-इन येथील तिच्या कारखान्यात डिस्क-वाचन करणाऱ्या सूक्ष्म भागांचे काम चाले. डिस्क फिरविणाऱ्या मोटारीच्या जागतिक पुरवठ्यात निडेक या एकट्या जपानी कंपनीचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास होता आणि तिचे काही कारखानेही पुरात सापडले. सप्टेंबर २०११ अखेरच्या तिमाहीत वेस्टर्न डिजिटलने सुमारे ५ कोटी ८० लाख डिस्क पाठविल्या होत्या. पुढील तिमाहीत हा आकडा सुमारे २ कोटी ८५ लाखांवर आला. जगातील एकूण पुरवठा त्याच अवधीत सुमारे १७.५ कोटींवरून १२ कोटींच्या आसपास घसरला, आणि किरकोळ बाजारात कित्येक प्रकारच्या डिस्कची किंमत दुप्पट झाली.

यातून दिसणारी पहिली गोष्ट अशी की, ज्याचा कारखाना कोरडा राहिला तोही सुटला नाही. सीगेटचा मोठा कारखाना कोरात येथे, मैदानाच्या ईशान्येकडील पठारावर होता, आणि त्याला पाण्याचा स्पर्शही झाला नाही. तरीही सुट्या भागांच्या टंचाईमुळे त्याचे उत्पादन काहीसे घटले, मात्र किमती चढल्याने नफा वाढला. दुसरी गोष्ट अशी की, ज्या वस्तूंचा थायलंडशी काहीच संबंध नव्हता त्यांचीही मागणी घसरली. संगणकाचे प्रक्रियक बनविणाऱ्या इंटेल कंपनीने १२ डिसेंबर २०११ रोजी आपल्या तिमाही उत्पन्नाचा अंदाज सुमारे एक अब्ज डॉलरांनी खाली आणला. डिस्क मिळत नसल्यामुळे संगणक तयार होत नव्हते, आणि संगणक तयार होत नसल्यामुळे प्रक्रियकांना गिऱ्हाईक नव्हते. पूरक वस्तूंच्या मागणीविषयी अर्थशास्त्रात जे सांगितले जाते, त्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

मोटार-उद्योगाचा अनुभव याला पूरक आहे. रोजना वसाहतीतील होंडाचा कारखाना ८ ऑक्टोबरच्या सुमारास बुडाला. वर्षाला २,४०,००० मोटारी बनविण्याची त्याची क्षमता होती. तो पुन्हा सुरू होण्यास मार्च २०१२ अखेर उजाडली, आणि पाण्यात राहिलेल्या १,०५५ नव्या मोटारी कंपनीने मोडीत काढल्या. थायलंडमधून येणाऱ्या भागांअभावी होंडाला उत्तर अमेरिकेतील उत्पादनही काही काळ निम्म्यावर आणावे लागले. टोयोटाचा एकही कारखाना बुडाला नव्हता. तरी भाग पुरविणारे बुडाल्यामुळे थायलंडमधील तिचे काम १० ऑक्टोबरपासून २१ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिले आणि जपान व उत्तर अमेरिकेतही काम कमी करावे लागले. निसानचे कारखाने मात्र १४ नोव्हेंबरला, म्हणजे टोयोटाच्या आधी आठवडाभर, सुरू झाले. तिने भागांचा साठा अधिक ठेवला होता आणि पुरवठ्याचे पर्यायी मार्गही तिच्या हाती होते, हे त्याचे मुख्य कारण होय.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी उद्योगांनी साठा कमीत कमी ठेवून लागेल तेव्हाच माल मागविण्याची पद्धत विकसित केली आणि जगाने ती अनुकरणीय मानली. गोदामातील माल हा अडकून पडलेला पैसा होय, हा तिच्यामागील विचार शांततेच्या काळात निर्दोष आहे. परंतु साठा हे केवळ अडकलेले भांडवल नसते. दोन कारखान्यांमध्ये अंतर राखणारी ती जागा असते. ती जागा नाहीशी झाली म्हणजे रोजनामधील पाणी काही दिवसांत दुसऱ्या खंडातील कारखान्याच्या दाराशी पोहोचते. मार्च २०११ मधील ईशान्य जपानच्या भूकंपाने व त्सुनामीने हाच धडा दिला होता. त्या आघातातून सावरत असलेल्या कारखान्यांवर त्याच वर्षात हा दुसरा प्रसंग आला.

६

या निष्कर्षाची पडताळणी करण्यासाठी त्याच पुरात बुडालेल्या दुसऱ्या पिकाकडे, तांदळाकडे, पाहणे उचित ठरेल. २०११ मध्ये थायलंड हा जगातील सर्वांत मोठा तांदूळ-निर्यातदार होता आणि त्या वर्षी त्याची निर्यात एक कोटी टनांहून अधिक झाली. विस्तीर्ण भातक्षेत्र पाण्याखाली गेल्याने २००८ प्रमाणे जगात तांदळाच्या किमतींचा भडका उडेल, अशी भीती साहजिकच व्यक्त झाली. तसे घडले नाही. सप्टेंबर २०११ मध्ये भारताने बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवरील सुमारे चार वर्षांची बंदी उठविली होती. व्हिएटनामचा तांदूळ बाजारात होता, आणि अनेक देशांच्या सरकारी कोठारांत साठा होता. २०१२ मध्ये थायलंडची निर्यात सुमारे ७० लाख टनांवर आली आणि भारत निर्यातदारांत पहिला ठरला. परंतु ही घट मुख्यतः पुरामुळे झालेली नव्हती. ऑक्टोबर २०११ पासून थायलंडच्या सरकारने बाजारभावाहून पुष्कळ अधिक, म्हणजे टनाला १५,००० बाट, भावाने भात तारण घेण्याची जी योजना सुरू केली तिच्यामुळे थाई तांदूळ महाग झाला, हे तिचे प्रमुख कारण होते.

एकाच पुरात दोन वस्तू बुडाल्या. एक वस्तू साऱ्या मानवजातीच्या अन्नाचा आधार होती, तरी जगाला तिची टंचाई भासली नाही. दुसरी सामान्य माणसाने कधी डोळ्यांनीही न पाहिलेली, संगणकाच्या पेटीत दडलेली वस्तू, तिच्यावाचून मात्र दूरच्या देशांतील कारखाने अडले. वस्तूची आवश्यकता आणि तिच्या पुरवठ्याची दुर्बलता या दोन भिन्न गोष्टी आहेत. तांदूळ अनेक देशांत, असंख्य शेतांत पिकतो आणि कोठारात राहतो. डिस्कच्या सूक्ष्म भागांचे कारखाने हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतके होते, आणि त्यांचा साठा काही आठवड्यांपलीकडे पुरणारा नव्हता.

७

येथे नुकसानीच्या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. जागतिक बँकेच्या पाहणीत एकूण हानी व तोट्यापैकी सुमारे ७० टक्के भाग कारखानदारीचा आहे, तर शेतीचा भाग सुमारे ४० अब्ज बाट, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी आहे. यावरून शेतकऱ्याचे फारसे बिघडले नाही असा अर्थ कोणी काढील, तर ती मोठी चूक होईल. आकडा वस्तूची किंमत मोजतो. ती वस्तू कोणाच्या उपजीविकेचा केवढा हिस्सा होती, हे तो सांगत नाही. कारखान्याच्या यंत्राला विमा होता. भाताच्या खाचराला बहुधा नव्हता.

पाणी कोणाच्या दारी न्यायचे, हा प्रश्नही याच पुराने उघड केला. बँकॉकचा मध्यभाग वाचविण्यासाठी पाणी उत्तर, पूर्व व पश्चिमेकडील उपनगरांत व शेतांत अडवून धरण्यात आले. तेथील रहिवाशांना आठवडेच्या आठवडे पाण्यात काढावे लागले. डॉन मुआंग परिसरात वाळूच्या प्रचंड पिशव्यांची भिंत लोकांनी काही ठिकाणी फोडली. ऑक्टोबरच्या अखेरीस ख्लोंग साम वा येथील पाणदरवाजा अधिक उघडावा म्हणून रहिवाशांनी आग्रह धरला, तेव्हा तो उघडल्यास बांग चान औद्योगिक वसाहत धोक्यात येईल, असा प्रतिवाद झाला. कारखान्याचे पाणी आणि वस्तीचे पाणी एकाच दरवाजाने मोजले जात होते. लाखो कामगारांचे काम काही महिने बंद पडले. जपानी कंपन्यांनी त्यांपैकी काही हजारांना पर्यायी उत्पादनासाठी तात्पुरते जपानला नेले, परंतु बहुसंख्यांच्या वाट्याला हा मार्ग आला नाही.

विम्याच्या बाजारपेठेवरील परिणाम वेगळ्या स्वरूपाचा होता. विमा कंपन्यांवर आलेला भार सुमारे १५ अब्ज डॉलरांचा होता. तोपर्यंतच्या नदीपुरांमध्ये विम्याच्या दृष्टीने हा सर्वांत महाग पूर मानला गेला. लंडनच्या लॉइड्स बाजाराचाच वाटा सुमारे २.२ अब्ज डॉलर होता. एकाच मैदानात परस्परांवर अवलंबून असलेले इतके मूल्यवान कारखाने एकवटले आहेत, याची पूर्ण कल्पना पुनर्विमा घेणाऱ्यांनाही नव्हती. पुरानंतर विम्याचे दर चढले आणि पुरासाठीच्या भरपाईवर मर्यादा पडल्या. तेव्हा थायलंडच्या सरकारला २०१२ मध्ये ५० अब्ज बाटांचा राष्ट्रीय आपत्ती-विमा निधी उभारावा लागला. जोखीम अशा रीतीने खाजगी हातांतून अंशतः राज्याच्या हाती आली.

८

पुरानंतर काय बदलले आणि काय बदलले नाही, याचा आढावा घेतल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. वसाहतींनी आपल्याभोवती भक्कम भिंती उभारल्या आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. ३५० अब्ज बाटांची जलनियंत्रण योजना जाहीर झाली, परंतु मे २०१४ मधील लष्करी सत्तांतरानंतर ती त्या रूपात पुढे गेली नाही. होंडाने अधिक उंचावरील प्राचिनबुरी प्रांतात नवा कारखाना काढला, तो २०१६ मध्ये सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये अयुथ्या येथील मोटार-उत्पादन प्राचिनबुरीत एकत्र करण्याचा निर्णयही तिने घोषित केला. म्हणजे पाण्याचा धडा काही अंशी घेतला गेला.

एकवटण्याचा धडा मात्र घेतला गेला असे म्हणता येत नाही. डिसेंबर २०११ मध्ये सीगेटने सॅमसंगचा हार्ड डिस्क-व्यवसाय घेतला आणि मार्च २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा घेतला. त्यामुळे जगातील उत्पादक पाचांवरून तिघांवर आले. लहान संगणकांतील हार्ड डिस्कची जागा पुढे इतर प्रकारच्या स्मृतिसाधनांनी घेतली व मागणी आकुंचित झाली, तेव्हा उरलेले उत्पादन अधिकच एकत्र आणणे कंपन्यांना लाभदायक वाटले. २०१८ मध्ये वेस्टर्न डिजिटलने मलेशियातील पेतालिंग जया येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि हार्ड डिस्क जोडण्याचे आपले काम थायलंडमध्ये आणले. प्रत्येक निर्णय त्या त्या कंपनीच्या हिशेबाने योग्य होता. परंतु या हिशेबांची बेरीज अशी झाली की, २०११ मध्ये ज्या एकवटलेपणामुळे जगाचा पुरवठा तुटला होता, ते पुरानंतर कमी न होता वाढले.

यावरून निघणारा निष्कर्ष केवळ थायलंडपुरता नाही. उंच भिंत एका कारखान्याचे रक्षण करते. ती पुरवठ्याच्या साखळीचे रक्षण करील असे नाही, कारण साखळीचे दौर्बल्य भिंतीच्या उंचीत नसते, तर पर्यायांच्या अभावात असते. तो अभाव स्वस्त उत्पादनाची किंमत म्हणून शांतपणे स्वीकारला जातो आणि पूर येईपर्यंत कोणाच्याही हिशेबवहीत दिसत नाही. खोल पाण्यातील भाताचे उत्पन्न आखूड ताटाच्या भातापेक्षा कमी होते, म्हणून त्याची लागवड घटत गेली. ते कमी उत्पन्न म्हणजे पुरासाठी शेतकऱ्याने दर वर्षी भरलेला हप्ता होता. कारखानदारीने हा हप्ता भरण्याचे सोडून दिले. २०११ च्या ऑक्टोबरात मागील अनेक वर्षांची थकबाकी एकदम वसूल झाली, आणि ती केवळ अयुथ्याकडूनच नव्हे, तर साऱ्या जगाकडून झाली.